घटनेचा आजार

त्या दिवशी सकाळी जालन्याच्या एसटी स्टँडवर मी चहाचा पहिला घोट घेतला आणि घाबरलो, कारण चहा गोड लागला. घोट तसाच तोंडात धरून बसलो. वाटलं, हॉटेलवाल्याच्या हातून साखर जास्त पडली असेल. शेजारी काकासाहेब बशीत ओतून फुरके मारत होते, त्यांना विचारलं, "चहा गोड हाय का हो आज?" ते म्हणाले, "चहा गोड न्हाई तर काय तिखट ऱ्हातो का?" म्हणजे चहा रोजचाच होता, फरक माझ्यात पडला होता. आठ वर्षं मला चहा नुसता गरम लागत होता. भाकर नुसती मऊ नाहीतर कडक लागत होती, आणि मिरचीचा ठेचा खाल्ला की नाकातून पाणी यायचं एवढाच त्याचा आणि माझा संबंध उरला होता. आणि आज, नेमका आज, औरंगाबादच्या छावणीत लष्कराच्या तीन डॉक्टरांपुढे उभं राहून मला सिद्ध करायचं होतं की मी उदास माणूस आहे आणि फौजेत असताना उदास झालो आहे, तर आज सकाळी आल्याच्या वासासकट चहा गोड लागला होता. देव देतो अन् कर्म नेतं, असं म्हणतात. माझ्या बाबतीत देव दिवस चुकला होता.

काकासाहेब माझे चुलत चुलते. फौजेतून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले, आणि गावात कुणाचंही सरकारी काम निघालं की आपणहून पुढे होणारे. चार दिवस त्यांनी मला तालमीतल्या पोरासारखं घोटून घेतलं होतं. दाढी करायची नाही. सदऱ्याला इस्त्री करायची नाही. साहेबानं विचारलं की लगेच बोलायचं नाही, "दोनदा इचारू दे, मंग तोंड उघड." आणि मुख्य म्हणजे वर बघायचं नाही. गंमत अशी की गेली आठ वर्षं यातलं काहीच मला शिकवावं लागलं नसतं. दाढी आपोआप वाढायची, मान आपोआप खाली जायची, आणि दोनदा काय, गोपिका, माझी बायको, चारदा हाक मारायची तेव्हा कुठे मला ऐकू यायचं. आता मात्र मी गालाच्या खुंटांवरून हात फिरवत होतो आणि मला त्या खरखरीचीसुद्धा मजा वाटत होती. फलाटावर एक बाई कंडक्टरशी कोंबडीच्या तिकिटावरून भांडत होती. मला तिची बाजू घ्यावीशी वाटत होती, कंडक्टरचीही घ्यावीशी वाटत होती. माझा पाय हलायला लागला. काकासाहेबांनी गुडघ्यावर हात दाबून तो थांबवला आणि म्हणाले, "काय होऊन राह्यलं तुला? ताप हाय का?" मी म्हणालो, काही न्हाई. कसं सांगणार, की काका, घात झाला, मला बरं वाटून राह्यलं.

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला आई बसली होती, गाठोडं मांडीवर घेऊन, चपला काढून पाय वर घेऊन. आदल्या दिवशी ती गावाहून, केदारखेड्याहून, माझ्याकडे मुक्कामाला आली होती. तिचं नाव कडूबाई. बहिणींच्या रांगेत शेवटची झाली म्हणून तिच्या बापानं असं नाव ठेवलं, म्हणजे देव पुन्हा मुलगी द्यायचा नाही. नावाचा तिला कधी राग आलेला मी पाहिला नाही. उलट ती म्हणायची, कडू हाय तर किडे लागत न्हाईत. वकीलबाईंनी सांगितलं होतं की लहानपण पाहिलेलं घरचं माणूस सोबत आणा, डॉक्टर त्यांना विचारतील, म्हणून तिला आणलं होतं. आणि डॉक्टरांपेक्षा मला तिचीच भीती जास्त होती. ती काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

ही सगळी भानगड एका शब्दाची. फौजेतून आजारी म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला आमच्याकडे 'बोर्डऔट' म्हणतात. मी तसा बोर्डऔट होऊन आलो, पेन्शनचा अर्ज केला, आणि वर्षभरानं नकाराचा कागद आला. इंग्रजीत. तो घेऊन मी वसंता मास्तरकडे गेलो. मास्तर आमच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचा, त्यामुळे त्यातला एक लांबलचक शब्द त्याच्या नेमका ओळखीचा निघाला. कॉन्स्टिट्युशनल. "घटनात्मक," तो म्हणाला. "त्रिंबक, तुहा आजार घटनात्मक हाय." मारुतीच्या ओट्यावर बसलेल्यांवर याचा मोठाच परिणाम झाला. एकानं विचारलं, कितव्या कलमात? दुसरा म्हणाला, घटनेत लिवलेलं हाय म्हंजी मंग सरकारला द्यावंच लागंल. पुढे काही दिवस गाव माझ्याकडे जरा मानानं बघायला लागलं. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत एकानं आपल्या सोयऱ्याशी माझी ओळख करून दिली, "ह्ये आमचे त्रिंबकराव, यायचा आजार घटनेत हाय." सोयऱ्यानं हात जोडले. मीही जोडले. आज एसटीत चढताना हे आठवलं आणि मला हसू फुटलं, मोठ्यानं, दातांसकट. काकासाहेबांनी मागून पाठीत बुक्की मारली. "आरं हसून नको राहू भाड्या, कुणी बघंल." जालन्याच्या स्टँडवर लष्कराचा कोण डॉक्टर बसलाय बघायला, पण मी तोंड मिटलं.

त्या वेळी मात्र मला हसू आलं नव्हतं. मी त्या शब्दाचा दुसरा अर्थ धरून बसलो होतो. घटना म्हणजे घडलेली गोष्ट. कागद म्हणत होता की माझा आजार घटनेचा आहे, म्हणजे काहीतरी घडलं आणि त्यातून हे झालं. मग ती घटना कोणती? वर्षानुवर्षं मी ती शोधत बसलो. जालन्यात बियाण्याच्या गोदामावर वॉचमन म्हणून लागलो. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये खुर्ची टाकून बसायचो आणि फौजेत असतानाची ती डोंगरावरची बर्फातली चौकी दाण्यादाण्यानं निवडत राहायचो. गोळी सुटली नाही. कडा कोसळला नाही. आमच्यातलं कुणी मेलं नाही, कुणी कुणाला वाईट बोललंसुद्धा नाही. बर्फ होता. आमचा धनगराचा जन्म. चालता यायला लागल्यापासून मी मेंढरांमागे, माझ्या डोळ्यांना पांढरं दिसलं की ते हललं पाहिजे अशी सवय. तिथं सगळं पांढरं आणि काहीच हलत नव्हतं. मी बघत राहायचो, आत्ता हलेल, आत्ता हलेल. मग दिवाळी आली. स्वयंपाक्यानं डबाभर तूप घालून शिरा केला, सगळे ओरडत तुटून पडले, मीही घास घेतला, आणि तोंडात नुसतं काहीतरी मऊ आहे एवढंच कळलं. मी शेजाऱ्याला विचारलं होतं, साखर राहिली का? तो म्हणाला होता, पागल झालास का. ही काय घटना झाली? शिरा गोड लागला नाही, हे कुठल्या साहेबाला सांगायचं आणि त्यानं ते कुठल्या रकान्यात लिहायचं? माझ्याजवळ घटना नव्हती, याची मला लाज वाटायची. ज्याचा पाय गेला त्याच्याजवळ पाय नसतो तरी असतो दाखवायला.

शेवटी प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा औरंगाबादच्या वकील उषाताईंनी तो शब्द उलगडला. घटनेतल्या आजाराची हकीकत ऐकून त्या आधी खळखळून हसल्या आणि मग म्हणाल्या, "घटना नव्हे हो, घडण. माणसाची मूळ घडण. त्यांचं म्हणणं असं की हा आजार तुम्ही जन्मताच घेऊन आलात, फौजेचा त्याच्याशी काही संबंध नाही." आई त्या दिवशी सोबत होती. इतका वेळ ती छताच्या पंख्याकडे बघत होती, ती म्हणाली, "म्हंजी माह्या पोटातून आला?" उषाताईंनी तिला परोपरीनं समजावलं की आजी, असं ते म्हणतात, आपल्याला तेच तर खोडून काढायचं आहे. पण आईनं अर्धंच ऐकलं होतं. माणूस दोषाचं अर्धं पटकन उचलतो. त्यानंतर ती जालन्याला आली तेव्हा माझी मुलगी शिवकन्या तेलाची बाटली घेऊन तिच्यापुढे बसली. दर खेपेला ती अशीच बसायची, आजीच्या दोन गुडघ्यांत, आणि आई तिच्या डोक्यात तेल जिरवत बारीक आवाजात गात राहायची. या खेपेला आईनं बाटली घेतली नाही. गोपिकेला म्हणाली, "तूच लाव गं. माहा हात नगं तिला." गोपिकेला वाटलं हात दुखत असेल. मला कळलं. मी त्या वेळी कोपऱ्यात पडून होतो. आठ वर्षांत इतकं स्वच्छ मला काही लागलं नव्हतं. कोर्टानं मला पुन्हा तपासायचा हुकूम दिला, त्याचीच आजची तारीख. पेन्शन मिळाली तर घरात चार दाणे जास्त येतील, नाही म्हणत नाही. पण मला तो शब्द कागदावरून खोडून हवा होता, आईच्या हातासाठी.

आणि आई तो शब्द पक्का करायला निघाली होती. बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या बसल्या तिनं पुन्हा सुरू केलं, "मी साहेबाला सांगणार हाय. म्हणणार, पोरगं पहिल्यापूनच असं हाय बिचारं, माह्याच पोटाचा दोष हाय, त्याला काऊन सजा देता? त्याचं काय ते देऊन टाका." तिच्या हिशेबानं दोष आपल्या अंगावर घेतला की साहेबाला दया येणार. पुढच्या सीटवरून काकासाहेब गर्रकन वळले. "वयनी, आसं बिलकुल म्हणायचं न्हाई. आसं म्हणलं की खेळ खलास. पहिले चांगला होता म्हणायचं, मंग बिघडला म्हणायचं. चांगला होता. म्हणा." आई म्हणाली, "चांगला होता." काकासाहेब म्हणाले, बराबर. ते पुढे वळले तशी ती खिडकीकडे तोंड करून पुटपुटली, "पर खरं ते सांगाया पायजे."

बदनापूर मागे पडलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी खिडकीतून बघत होतो आणि माझी छाती धडधडत होती, कारण नजर जाईल तिथपर्यंत पांढरं होतं. एरवी या दिवसांत मी या रस्त्यानं जाताना डोळे मिटून घ्यायचो. आज मिटले नाहीत. पांढऱ्यातून बायका चालत होत्या, ओटीत कापूस भरत, वाकत, उठत, एकीनं दुसरीला ढेकूळ मारलं, दोघी पळाल्या. हललं, मी मनात म्हणालो. हलून राह्यलं की सगळं. मला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आईला कोपर मारून म्हणालो, "बघ, कापूस." तिनं आधी कापसाकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाली, "कापूसच हाय. बोंडअळी न्हाई पडली अवंदा." पण तिची नजर माझ्या तोंडावरून हलेना. मी तोंड पाडून घेतलं.

मग मी दुःखी व्हायच्या कामाला लागलो. छावणी यायच्या आत उदास होणं भागच होतं. उदास माणसाला उदास होणं जमू नये, म्हणजे स्वयंपाक्यानं उपाशी मरण्यातला प्रकार. वडिलांचं मरण आठवलं. कारभारी धनगर, अंगणात घोंगडीवर ठेवलेले. पण आठवलं ते असं की शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून लंगडा बोकड चांगल्या गिऱ्हाइकाला विक म्हणून सांगितलं होतं, आणि तो बोकड त्याच वेळी दारातून आत डोकावत होता. हसू आलं. सोडून दिलं. इस्पितळाचे महिने आठवले, गोळ्या खाऊन जिभेचा झालेला चामड्याचा तुकडा. पण खाटेशेजारच्या खिडकीत बसणारी एक ठिपक्यांची कबुतरी मध्ये आली. शेवटचा उपाय म्हणून तो शिरा आठवला, मुळावरच घाव घालावा म्हणून, आणि तोंडाला पाणी सुटलं. तूप, केशरी रंग, तळाशी लागलेली खरपूस कड. आठ वर्षांपूर्वीचा शिरा आज गोड लागत होता. मी घाबरून पाणी प्यालो. तेवढ्यात एक वेगळीच भीती मनात आली. हा आनंदही आजारच असला तर? ते काहीच न घडता आलं, हेही काहीच न घडता आलं. आज चहा गोड, उद्या पुन्हा गरम. कुणी दार लावतो, कुणी उघडतो, घर माझं आणि मला विचारत नाही. ती भीती थोडा वेळ राहिली. पण खरं सांगतो, त्या भीतीलासुद्धा चव होती.

छावणीतलं इस्पितळ स्वच्छ होतं, झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावलेला. तो वास नाकात गेला आणि माझी पाठ आपोआप ताठ झाली. काकासाहेबांनी ती हातानं वाकवली. बाकड्यावर आमच्यासारखे आणखी होते, एकाचा हात नव्हता, एक सारखा खोकत होता. त्यांच्यापुढे मी चोरासारखा बसलो. अंगात माकड कोंडल्यासारखं झालं होतं. काकासाहेब कानाशी लागले, "दोनदा इचारल्याबिगर बोलायचं न्हाई. खाली बघ. खाली." मग माझं नाव पुकारलं.

टेबलामागे तिघं होते. मधले पिकल्या केसांचे, मोठे साहेब, बोर्डाचे प्रमुख. उजवीकडे एक तरुण, सगळा वेळ लिहिणारा. डावीकडचे चष्मेवाले मनाचे डॉक्टर, प्रश्न तेच विचारत होते. नींद आती है? मी खाली बघितलं. पुन्हा विचारलं. आती है साब, टूट जाती है. हे खरं होतं. काम? गोदाम पे बैठता हूँ. मन? मी खाली बघितलं. फरशीवर मुंग्यांची ओळ चालली होती, एक मुंगी तिच्या दुप्पट मोठं काहीतरी ओढत मागे मागे जात होती. तेवढ्यात एका शिपायानं साहेबांसाठी चहा आणला. तीन कप टेबलावर ठेवले. वेलचीचा वास आला. मी वर बघितलं. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं तोंडावर आलं असणार, कारण चष्मेवाल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "क्या हुआ?"

चार दिवसांची तालीम वाहून गेली. दुसऱ्यांदा विचारायची वाटही मी बघितली नाही. "साब, आज चाय मीठी लगी."

"और पहले?"

"पहले गरम लगती थी."

लिहिणारा तरुण थांबला. साहेब म्हणाले, "कबसे?" मी म्हणालो, ऊपर से, साब. चौकी से. दिवाली का शिरा भी नरम लगा था, मीठा नहीं लगा. "आज खुश हो?" हाँ साब, घबराया हूँ, लेकिन खुश हूँ. "किस बात पे?" मी म्हणालो, "बात कुछ नहीं साब. वो भी ऐसाच आया था, बिना बात के. ये भी ऐसाच आया." मधल्या साहेबांनी चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि इंग्रजीत काही म्हणाले, आणि माझी फाइल मिटल्यासारखी केली. मला वाटलं संपलं. बरा झालाय, घरी जाऊ द्या. चष्मेवाल्या साहेबांनी हात वर केला आणि दाराकडे बघून म्हणाले, "माताजी को बुलाओ."

आई आत आली ती चपला काखेत धरून. कुणी काढायला सांगितलं नव्हतं, पण एवढी चकचकीत फरशी बघून तिनंच काढल्या असणार, आणि बाहेर ठेवल्या तर चोरीला जातील म्हणून काखेत. पदर डोक्यावर, काखेत चपला, अशी ती तीन फौजी साहेबांपुढे उभी राहिली आणि तिनं चपलांसकट नमस्कार करायचा प्रयत्न केला. एक चप्पल खाली पडली. माझं काळीज तिच्यासाठी तुटत होतं, ती आता काय बोलणार याची भीती होती, आणि तरी मला हसू आलं. आवरलंच नाही. मी पूर्ण तोंड उघडून हसत होतो. हिंदी तिला येत नाही म्हणून साताऱ्याकडच्या एका नर्सिंगवाल्या जवानाला मध्ये उभं केलं होतं. साहेबांनी विचारलं, बचपन में कैसा था आपका लडका? जवानानं मराठीत विचारलं, "आजी, ल्हानपणी कसा होता ह्यो?"

"साहेब, माह्याच..." आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. बहुधा दोषी आईनं बघावं तसं बघायला वळली असेल. मी हसतच होतो. ती बघत राहिली. तिच्या तोंडावरून काहीतरी उतरताना मला दिसलं. पुढचं वाक्य तिच्या तोंडात होतं, ते तिनं गिळलं, आणि म्हणाली, "असाच होता."

जवान म्हणाला, "बचपन से ऐसा ही था, साब."

मधल्या साहेबांनी मान हलवली आणि लिहिणाऱ्या तरुणाचं पेन चालू झालं. बचपन से ऐसा ही था. तोच शब्द, मराठीतून हिंदीत, हिंदीतून इंग्रजीत, पुन्हा कागदावर चालला होता, आणि या वेळी खुद्द आईच्या तोंडचा. मी काही बोलणार तोच चष्मेवाले म्हणाले, "रुको." त्यांनी पेनाचं टोक माझ्या तोंडाकडे केलं आणि थेट आईला विचारलं, "ऐसा? मतलब, जैसा अभी है?"

जवानाची वाट न बघता आईला ते कळलं. पेन कुठे रोखलंय हे दिसत होतं. "असाच," ती म्हणाली. "ह्ये आत्ता हाय तसा. दात काढीत हिंडायचा मेंढरामागं, पाऊस म्हणू नगा, ऊन म्हणू नगा. ह्याचा बाप म्हणायचा, ह्याला लांडग्यानं धरलं तरी ह्ये हसंल. भरतीला गेल्ता तवा बी असाच गेल्ता. आमी तुमच्याकडं धाडला तवा असाच धाडल्ता, साहेब." आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण पुढचं ती फार हळू बोलली. "मधी काय झालं ते तुमच्या लोकायला इचारा. माह्या पोटातून ह्यो असाच निघाल्ता."

जवानानं सगळं हिंदीत सांगितलं. लांडग्याचंही सांगितलं. लिहिणाऱ्यानं आधी लिहिलेली ओळ खोडली, पेनाचा आवाज मला ऐकू आला. चष्मेवाले साहेब मधल्या साहेबांकडे वाकून इंग्रजीत सावकाश बोलले. त्यातले मला दोनच शब्द कळले. एक होता 'नॉट'. त्याच्या पाठीला पाठ लावून आलेला दुसरा माझा जुना ओळखीचा, लांबलचक. मधल्या साहेबांनी चहाचा कप उचलला, घोट घेतला, आणि कपात बघत राहिले. मग म्हणाले, आप लोग जा सकते हैं, चिठ्ठी आएगी.

बाहेर काकासाहेबांनी मला भिंतीशी गाठलं. "आवाज येऊन राह्यल्ता बाहेरपस्तोर. तू हसला? आतमंदी हसला?" मी म्हणालो, हसलो. ते डोक्याला हात लावून पायरीवर बसले आणि म्हणाले, चार दिवसाची मेहनत पाण्यात गेली. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्यांना म्हणालो, काका, भूक लागली. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मला पुन्हा हसू आलं.

औरंगाबादच्या स्टँडवर जालन्याच्या गाडीला वेळ होता. मी गरम भजी घेतली, आईच्या पुढे कागद धरला. तिनं एक उचललं, हातातच ठेवलं. चिठ्ठी काय येईल, तिच्यात काय असेल, उद्या सकाळी चहा कसा लागेल, यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं, आणि तरी पायाच्या तळव्यांपासून काहीतरी वर चढत होतं, भरतीच्या दिवशी मैदान पळून संपवल्यावर चढलं होतं तसंच. आई गाड्यांकडे बघत होती. आपल्या उजव्या हाताचा तळवा तिनं एकदा उलटा केला, एकदा सुलटा केला, लुगड्याला पुसला.

"शिवकन्या साळंतून आली आसंल न्हं आता?" ती म्हणाली.

"येईल. आपण जाईपर्यंत येईल."

"घरात तेल हाय का?"